हाजीसाहेबांच्या पेवातल्या बाटल्या

पुसदहून परत आलो तेव्हा कचेरीत सगळ्यांनी विचारलं, "काय पाहिलंत तिकडे?" मी म्हटलं, "कापसाच्या गाड्या." खोटं नव्हतं. माघातल्या त्या दिवसांत पुसदच्या वाटेवर गाड्यांच्या रांगाच रांगा असतात आणि बाभळींना अडकलेल्या कापसाने रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या होतात. पण मी तिथे जे करून आलो ते कचेरीत सांगायची मला लाज वाटली, आणि न सांगता राहवेनाही. म्हणून इथे लिहितो आहे. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या दोघांपैकी एकाला आता डोळ्यांनी दिसत नाही आणि दुसऱ्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. माझं धैर्य तेवढ्यापुरतंच आहे.

यवतमाळ ते पुसद

मी वजनमापांच्या खात्यात निरीक्षक आहे. शेर-पायली जाऊन किलो आल्यापासून आमच्या खात्याचा भाव वधारला आहे. दुकानदाराचं माप उचलायचं, डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि तो काही बोलायच्या आत "कमी आहे" म्हणायचं, हे आमचं रोजचं काम. यवतमाळला नव्या वजनांची माहिती द्यायला मला पुण्याहून पाठवलं होतं. तिथवर गेलोच आहे, तर पुसदला मामांकडे चार दिवस जाऊन येऊ, असं ठरवलं. मामांचंही कधीचं बोलावणं होतं. "माझ्याकडे एक काम आहे, ते डोळसाचं आहे," एवढंच त्यांनी कळवलं होतं.

दिग्रसच्या अलीकडे बसचं टायर बसलं. उतारू खाली उतरले आणि ज्याने त्याने आपापली शिदोरी सोडली. शेजारी बसलेल्या एका बंजारा बाईने मला न विचारता हातावर भाकरी आणि लाल ठेचा ठेवला. पुण्यात अशा वेळी आपण "खाणार का?" असं विचारतो आणि समोरचा "नको" म्हणेल याची खात्री असते. इथे नको म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती. ठेचा असा होता की पुसद येईपर्यंत माझ्या कानांतून वाफा निघत होत्या.

मामा ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, हात किंचित कापणारे. मोठ्या लढाईत ते लष्करी डॉक्टर म्हणून इटलीपर्यंत जाऊन आलेले. परत आल्यावर पुसदला दवाखाना घातला आणि मामी गेल्यानंतरही इथेच राहिले. सगळं गाव त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतं.

"आला काय बे? बस कोठी अडकली?"

"दिग्रसला. टायर."

"मंग ठीक आहे. दिग्रसला टायर बसलं नाही तर मले चिंता वाटते."

शेजारच्या खुर्चीत पांढरी दाढी असलेले एक गृहस्थ उर्दू वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. माझ्यासाठी ते उठून उभे राहिले. हे हाजीसाहेब, गावातले ज्वारीचे जुने अडते आणि मामांचे भिंतीला भिंत लागून शेजारी. मामांची नजर गेल्यापासून रोज संध्याकाळी ते येतात, उर्दू अखबार मनात वाचतात आणि वऱ्हाडीत मामांना सांगतात. जगातल्या बातम्या मामांना अशा दोन भाषांतून गाळून मिळतात. त्या दिवशी कुठल्याशा देशात सरकार पडलं होतं. "गेलं जी तेही," असं सांगून हाजीसाहेबांनी पान उलटलं.

ते गेल्यावर मामांनी काम सांगितलं. इटलीत त्यांच्या पलटणीचा मेस मोडला तेव्हा तिथल्या गोऱ्या साहेबांनी पोर्टच्या बाटल्यांची एक पेटी मामांना दिली. पोर्ट म्हणजे द्राक्षांची दारू, पण ती आंबत असतानाच तिच्यात ब्रँडी ओततात. त्याने आंबणं थांबतं, गोडी तशीच राहते आणि बाटली माणसापेक्षा जास्त वर्षं टिकते. त्या बाटल्या तेव्हाच जुन्या होत्या. मामा लढाईतून जिवंत घरी आले तो दिवस ते दरवर्षी पाळतात आणि त्या दिवशी एक बाटली उघडतात. आता सात उरल्या होत्या. तो दिवस तीन दिवसांवर आला होता आणि यंदाची बाटली मला निवडायची होती. सध्या दारूबंदी, पण मामांच्या नावाने परमिट आहे. मी सरकारी नोकर असल्यामुळे ते आधी पाहून घेतलं.

"तुमच्या ह्या पत्र्याखाली उन्हाळ्यात टिकतात कशा?" मी विचारलं.

"इथं नसतातच. हाजीच्या पेवात हायेत."

मग त्यांनी त्यामागची गोष्ट सांगितली. हाजीसाहेब हजला जाऊन आल्यावर त्यांच्या नात्यातल्या लोकांनी मशिदीत त्यांना अडवलं होतं: घरात शराब ठेवता, हे काय? तेव्हा हाजीसाहेब म्हणाले, "घरात नाही, जमिनीत हाय. अन् माही नाही, डॉक्टरची अमानत हाय." थोरल्या भावाने त्यांच्या घरी जेवणं सोडलं, ते आजतागायत. तरी बाटल्या तिथेच आहेत. आणि मामांच्या त्या दिवशी हाजीसाहेब येतात, समोर बसतात, मामा पोर्ट घेतात आणि ते गुलाबाचं सरबत घेतात. दोन्ही पेल्यांचा रंग एकच दिसतो, असं मामा म्हणाले, मग जरा थांबून म्हणाले, "दिसायचा."

हे सगळं मला आदल्या रात्री सांगितलेलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पेव

पुण्याच्या वाचकांनी पेव पाहिलेलं नसेल. अंगणात खणलेली जमिनीखालची घागरच ती. तोंड एका माणसापुरतं आणि पोट खोलीएवढं. पूर्वी त्यात ज्वारी भरून वरून माती लिंपून टाकत. हाजीसाहेबांचा माल आता गोदामात जातो, त्यामुळे पेव रिकामं आहे. उन्हाळ्यात वर जमीन भाजत असली तरी खाली माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. मात्र एकदम उतरायचं नाही. आधी कंदील दोरीने खाली सोडायचा. तो विझला तर खालची हवा वाईट आणि जळत राहिला तर माणसाने उतरायचं.

सकाळी मामांना हाताला धरून तिथे नेलं. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. हाजीसाहेब, त्यांचे दोन्ही मुलगे, मुनीम, दोन हमाल, सगळे पेवाच्या तोंडाशी उभे होते. कंदील खाली गेला आणि नीट जळत राहिला.

"ऐक," मामा म्हणाले. "कुटारात आडव्या ठेवल्या हायेत. प्रत्येकीवर चुन्याचं बोट हाय, ते वरच्या अंगानं. उचलायची नाही, हलवायची नाही. बॅटरीनं नुसतं पाह्य. काचेतला बुडबुडा ज्या बाटलीत सगळ्यात लहान, अन् बुचापाशी ओल नाही, ती निवड. तेवढीच आडवी धरून वर आण. गाळ ढवळला तर सगळं मातेरं."

मी शिडीने उतरलो. तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, कोरडा वास येत होता. सात बाटल्या ओळीने निजलेल्या, अंगावर बोटभर धूळ आणि प्रत्येकीच्या पाठीवर चुन्याचा ठिपका. एवढ्या नीट ठेवलेल्या वस्तू मी सरकारी कोठारातही पाहिलेल्या नाहीत. मी बॅटरी फिरवली. पाच बाटल्यांत बुडबुडा लहान होता. कडेच्या दोन बाटल्यांत मात्र चांगला वीतभर दिसला. आणि मला सांगितलेलं सगळं विसरून माझ्या हाताने त्याला ठाऊक असलेलं एकमेव काम केलं. मी एक बाटली उचलली, उभी केली आणि डोळ्यांच्या रेषेत धरली. मग दुसरी धरली. दोन्ही गळ्याच्या कितीतरी खाली.

"मामा!" मी ओरडलो. "ह्या दोन बाटल्यांत माप कमी आहे! कुणीतरी काढून घेतलंय ह्यातलं!"

पेवात बोललेलं कसं ऐकू जातं ते तेव्हा कळलं. माझाच आवाज चहूकडून माझ्या अंगावर आला आणि वरच्या तोंडातून दवंडी पिटल्यासारखा बाहेर गेला. वर मुनिमाचं खाकरणं थांबलं. मी मान वर केली तर त्या गोल उजेडात एकच डोकं दिसत होतं, पांढऱ्या दाढीचं.

"साहेब, वर या जी," हाजीसाहेब म्हणाले. "खाली लय वेळ राहू नये. हवा चांगली नसते."

त्या दोन पुन्हा निजवून आणि भरलेल्यांतली एक आडवी धरून वर आलो तेव्हा मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अबे, बूच श्वास घेते!" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत उडून जाते थोडी थोडी. कोणत्या बुचातून कमी, कोणत्यातून जास्त. म्हणून तर तुले बुडबुडा पाहायले सांगतलं! अन् तू माप पाहायले त्या उभ्या कायले केल्या?"

माझ्या हातात निवडलेली भरलेली बाटली आडवी धरलेली होती आणि समोर ज्यांच्याशी भावाने जेवण तोडलं ते हाजीसाहेब उभे होते. मुलांनी खाली पाहिलं. थोरला काही बोलायला निघाला, तर हाजीसाहेबांनी नुसता हात वर केला.

"पाहुणे हायेत," ते म्हणाले. "चाय पिऊन जा."

तो चहा मी प्यायलो. तोही प्यायलो, याची लाज वेगळी आहे.

बाटली उभी असताना

निवडलेली बाटली दोन दिवस फडताळात उभी ठेवायची होती, गाळ तळाशी बसण्यासाठी. तिच्याकडे पाहायचीही मला चोरी झाली.

त्या संध्याकाळी हाजीसाहेब आले नाहीत. मामा ओसरीवर बसून राहिले. खुर्ची रिकामी होती. मी वाचून दाखवतो म्हणून मराठी वर्तमानपत्र आणलं आणि दोन मथळे वाचले.

"राहू दे," मामा म्हणाले. "तू वाचलं का खरं वाटत नाही."

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. जेवायला स्वयंपाकाच्या बाईंनी पातोडीचा रस्सा केला होता. एरवी मी तो पुरवून पुरवून खाल्ला असता. त्या रात्री दोघांचीही ताटं तशीच राहिली, आणि बाईंना वाटलं मीठ चुकलं.

दुसऱ्या दिवशी ठरवलं की जाऊन सरळ माफी मागायची. वाक्यही तयार केलं. हाजीसाहेबांची अडत बाजाराच्या तोंडाशी आहे. पुढे ज्वारीच्या राशी, मागे गादी. मी पायरी चढलो आणि मुनिमाने मला पाहिलं. तो धडपडत उठला आणि त्याने नवी किलोची वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडली, तराजूची पारडी पुसली आणि हात जोडून बाजूला झाला. मी तपासणीला आलो, असंच त्याने धरलं होतं.

हाजीसाहेब गादीवरून म्हणाले, "पाहून घ्या जी. तुमचं कामच हाय ते." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

आता माझं तयार वाक्य कुठे गेलं कोण जाणे. चारचौघांत उभा होतो, सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. मी वाकलो, एक वजन उचललं, उलटं करून त्याच्या बुडावरचा शिक्का पाहिला आणि खाली ठेवलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"शुक्रिया," हाजीसाहेब म्हणाले.

आणि मी परत आलो. माफी मागायला गेलेला माणूस तपासणी करून परतला! मामांनी विचारलं, "बोलला काय?" मी म्हटलं, "गर्दी होती." पूस नदीवर जाऊन मी बराच वेळ बसलो. नदीत पाणी थोडं होतं आणि बायका वाळूत खणलेल्या चुव्यांतून वाटीवाटीने घागरी भरत होत्या. इथे नदीकाठ असा असतो, तसा असतो, असं प्रवासवर्णनात लिहितात. मला त्यातलं काही दिसलं नाही.

मामांचा दिवस

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी धुतलेला कोट चढवला. मेजावर मलमलचा तुकडा, मेणबत्ती, बुचाचा स्क्रू आणि काचेची सुरई मांडून ठेवली. कसं करायचं ते मला सांगून झालं होतं: बाटली अलगद आणायची, मेणबत्ती तिच्या गळ्याच्या मागे ठेवायची, एका संथ धारेत सुरईत ओतायचं, मधे थांबायचं नाही, आणि उजेडात गाळाची काळी रेघ गळ्यापर्यंत आली की हात थांबवायचा. एका खुर्चीसमोर रिकामा पेला, दुसऱ्या खुर्चीसमोर सरबताचा. हाजीसाहेब येतील का, हे ठाऊक नव्हतं. मामा फाटकाकडे कान लावून बसले होते.

हाजीसाहेब आले. अंगावर शेरवानी, डोक्यावर टोपी. "सलाम, डॉक्टर," म्हणून आपल्या खुर्चीत बसले. मामांनी एक मोठा श्वास सोडला.

मी फडताळातून बाटली आणली.

"ही नको," मामा म्हणाले.

"मामा, हीच निवडली होती. ही गळ्यापर्यंत भरलेली—"

"म्हणूनच नको. हाजी, त्या दोन कमी भरलेल्या हायेत न? त्यातली एक आण. आज तीच घेतो."

हाजीसाहेब उठले, गेले आणि बऱ्याच वेळाने उपरण्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आले. त्यांच्या शेरवानीच्या गुडघ्यांना कुटार लागलं होतं. म्हणजे ह्या वयात ते स्वतः शिडी उतरले होते.

मामांनी बाटली हातात घेतली आणि तिच्यावरून बोटं फिरवली. खांद्यापाशी बोटं थांबली. तिथे कागदाची उभी पट्टी चिकटवलेली होती, कातरीने खाचा पाडलेली. दवाखान्यात औषधाच्या बाटलीवर एका एका डोसासाठी लावतात तशी. मामांनी जन्मभर हजारो बाटल्यांवर लावल्या असतील, हाजीसाहेबांच्या पोरांच्या खोकल्याच्या बाटल्यांवरही. ह्या पट्टीचा वरचा काठ बरोबर आतल्या पोर्टच्या काठाशी होता.

"हे काय हाय, हाजी?"

"खूण हाय, डॉक्टर. सगळ्यांवर लावली. पुढच्या साली कोणी पाह्यलं तर समजलं पाह्यजे, किती होती अन् किती उरली."

मामांचा अंगठा त्या पट्टीवर वर-खाली फिरत राहिला. इतकी वर्षं त्या बाटल्या काही खूण नसताना तिथे होत्या. मी चार दिवसांसाठी आलो आणि दोन म्हाताऱ्यांच्या मधे माप आणून ठेवलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण सहज म्हणतो. मी तर त्या जमिनीत उतरूनच हे करून आलो होतो.

"उघड," मामा मला म्हणाले.

बूच स्क्रू लागताच भुगा झालं. अर्धं आत पडलं. मेणबत्तीचा काही उपयोग नव्हता. मी उभी केलेली, पट्टीसाठी पुन्हा उभी झालेली आणि आत्ता चालत आणलेली ती बाटली तळापासून गढूळ होती. मलमलमधून गाळलं तरी सुरईत उतरलं ते गढूळच. आणि वास आला. मी दारूला कधी शिवलेलो नाही, पण लोणच्याची बरणी बिघडल्याचा वास कुणालाही ओळखता येतो. मी मामांकडे पाहिलं. त्यांचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"भर," ते म्हणाले.

मी पेला भरला. हाजीसाहेबांनी सरबत उचललं. मामांनी पेला ओठांना लावला, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. हाजीसाहेब त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

"अव्वल!" मामा म्हणाले. "हाजी, इतक्या वर्षांत अशी निघाली नव्हती."

हाजीसाहेबांचा चेहरा असा खुलला की मला तिकडे पाहवेना. "मंग? म्या म्हणतच होतो. पेव चांगलं हाय आपलं. आजोबानं खणलं हाय."

"पेव चांगलं हाय," मामा म्हणाले आणि पेला रिकामा करून पुढे केला. "अजून."

मलमल धुवायच्या निमित्ताने मी आत गेलो. सुरईच्या तळाशी राहिलेले चार थेंब बोटावर घेऊन जिभेला लावले. शिरका होता, निव्वळ शिरका, वर मातीची चव. बाहेर मामा दुसरा पेला पीत होते आणि हाजीसाहेब अखबार उघडून दोन दिवसांच्या राहिलेल्या बातम्या सांगत होते. मला रडू आलं, आणि डोळे मी त्या मलमलीलाच पुसले.

बाहेर आलो तेव्हा हाजीसाहेब रिकामी बाटली हातात घेऊन तिच्यावरची पट्टी नखाने सोडवत होते. खळ अजून ओली होती. पट्टी निघाली, त्यांनी तिची गोळी केली आणि खिशात टाकली.

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"हाजीसाहेब, माझी फार मोठी चूक झाली. उद्या सकाळी मी स्वतः पेवात उतरतो आणि बाकीच्या बाटल्यांवरच्या पट्ट्या काढून टाकतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, पहिल्या दिवशी माझ्यासाठी उठून उभे राहिले तेव्हाचीच अदब होती.

"राहू द्या जी," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर काढतो."

मी सकाळच्या पहिल्या बसने निघालो.